मशीननं खाल्लेली कॅसेट

वंदनाताईंकडे साडेतीन हजार कॅसेटी आहेत आणि आठशेच्या वर तबकड्या. पण त्यांतली त्यांची लाडकी कोणती, हे भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या त्यांच्या गल्लीत दूधवाल्यालासुद्धा माहीत आहे. निळी. एका नागपूरकर गायिकेची आठ भावगीतं. मूळ तबकडीचं कव्हर निळं होतं, म्हणून निळी. ती तबकडी त्यांना आयुष्यात पुन्हा मिळाली नाही. आहे ती तिच्यावरून चाळीस वर्षांपूर्वी उतरवलेली कॅसेट. रविवारी सकाळी ती लागते. चार गाणी या बाजूला, चार त्या बाजूला. चौथं गाणं संपत आलं, की वंदनाताई हातातलं काम टाकून उठतात आणि बटण दाबतात. कणीक मळत असल्या तर कोपरानं दाबतात.

"गाणं तर संपू दे," श्यामराव म्हणायचे. हे त्यांचे यजमान, पोलाद कारखान्याच्या, म्हणजे प्लांटच्या, ऑफिसातून रिटायर झालेले. "तुला दर रविवारी कुठली गाडी पकडायची असते?"

"पुढे रिकामीच आहे. उगाच खरखर कशाला ऐकायची?"

पुढे रिकामी नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी त्यांनी हे खोटं सांगितलं, आणि मग ते घरातल्या फर्निचरसारखं जागच्या जागी राहिलं. मुलगी शिल्पा लहानपणी आईची नक्कल करायची: गाणं म्हणता म्हणता शेवटच्या ओळीला धावत जाऊन भिंतीवर बोट दाबायची. सगळे हसायचे. वंदनाताईही हसायच्या.

मागच्या मार्चमध्ये इथल्या एका हिंदी पेपरात त्यांच्यावर पाव पान आलं. 'भिलाई की कैसेट वाली आंटी.' लोकांच्या तुटक्या, बुरशी लागलेल्या कॅसेटी त्या फुकट दुरुस्त करून देतात, पेनड्राइव्हवर घालून देतात, वगैरे. पत्रकार मुलानं विचारलं, सुरुवात कशी झाली? तेव्हा त्यांनी पॉवर हाऊस भागातल्या बाजारातली पहिली नोकरी सांगितली, गुलाबरावांचं रेकॉर्डिंगचं दुकान सांगितलं, आणि निळी हातात धरून फोटो काढून घेतला. "ही माझी पहिली कॅसेट. हिच्यापासूनच सगळं," असं म्हणाल्या. फोटोत हसू अगदी कानापर्यंत. नको तिथे बोलायची हौस, दुसरं काय.

आठ दिवसांनी दारात एक मुलगी उभी राहिली. वीस-एकवीसची, स्कूटीची चावी बोटात फिरवत.

"आंटी, मी उन्नती. वैशाली नगरहून आले. हथखोजला एका फॅक्टरीत कंप्यूटरवर बसते. पेपरात तुमचं पढ़ा, तर आजी म्हणाली, जा, हेच ते दुकान."

"कुठलं दुकान?"

"गुलाबराववालं." तिनं पिशवीतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. डब्यात लाल फडकं होतं. फडक्यात तपकिरी टेपचा गुंता, नारळाएवढा. त्यावर कुंकू वाळून काळं पडलेलं, दोन-चार अक्षता अडकलेल्या. "यात माझ्या आजोबांचा आवाज आहे. आजी याला दोरा म्हणते. पितरांच्या दिवशी आम्ही याच्यासमोर पान वाढतो."

वंदनाताईंनी डब्याला हात लावला नाही.

"आजोबा दंडारीत, म्हणजे गावच्या नाच-गाण्याच्या नाटकात, काम करायचे. गावाकडं दिवाळीनंतर मंडई, म्हणजे जत्रा, भरते ना, त्यात. प्लांटमध्ये नोकरी लागली तरी छुट्टी घेऊन जायचेच. मग पीलिया झाला, कावीळ, चार दिवसांत गेले. पापा तेव्हा आजीच्या गोदीत होते. आवाज इतकाच राहिला, एका कॅसेटवर, आणि ती पण मशीननं खाल्ली." उन्नतीनं मान वर केली. "दुकानातल्या मुलीनं खूप कोशिश केली, आजी सांगते. बिचारी रडायला आली होती. आंटी, वो आप ही थीं क्या?"

"आम्ही दोघी-तिघी होतो तिथे," वंदनाताई म्हणाल्या.

दोघी-तिघी नव्हत्या. एकट्या होत्या. चाळीस वर्षांपूर्वीचं खोटं झाकायला त्यांनी ताजं खोटं काढलं, आणि तेही इतक्या सहज, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"ठेवून जा डबा. बघते काय होतं ते."

मुलगी वाकून नमस्कार करायला लागली. त्यांनी तिला वरच्या वर थांबवलं. निदान तेव्हा तरी थांबवलं.

आता ती नोकरी. चौऱ्याऐंशी साल. वंदना नुकतीच बी. ए. झालेली, वडील प्लांटमध्ये हेडक्लार्क, घरात मोठ्यानं न बोलण्याची पद्धत. अशा घरातली मुलगी बाजारातल्या दुकानात बसणार, म्हणून आईनं दोन दिवस जेवणाला हात लावला नाही. पण वंदनाचं अक्षर मोत्यासारखं होतं, आणि गुलाबरावांना कॅसेटीच्या कार्डावर गाण्यांची नावं लिहायला तसंच अक्षर हवं होतं. महिन्याभरात ती मशीनही चालवायला शिकली. तबकडी लावायची, सुई ठेवायची, इकडे कॅसेटवर उतरवायचं. लोक गाण्यांची यादी घेऊन यायचे, आणि बहुतेक जण कॅसेटही घरूनच आणायचे. नवी कॅसेट कोण घेतो? जुनी द्यायची आणि सांगायचं, "हे पुसून भरा." सेक्टरातल्या निम्म्या घरांत एकाच कॅसेटवर तीन-तीन लग्नांची गाणी एकमेकांवर चढलेली असायची.

म्हणून दुकानात एक नियम होता, आणि गुलाबराव त्याबाबतीत फार कडक. गिऱ्हाइकानं 'हे पुसायचं नाही, याची नक्कल काढायची' असं म्हटलं, की त्याच्या डोळ्यांदेखत कॅसेटच्या मागच्या दोन प्लास्टिकच्या दातऱ्या स्क्रूड्रायव्हरनं मोडायच्या. दातऱ्या मोडल्या की मशीनवर भरायचं बटण दबतच नाही. "दात पाडले की ती कुणाचं काही गिळत नाही आणि तिच्यावर कुणी काही चढवत नाही," गुलाबराव म्हणायचे. दातऱ्या मोडलेल्या कॅसेटी डावीकडच्या फळीवर, पुसायच्या उजवीकडच्या.

भागाबाई आली तेव्हा डिसेंबर होता. कडेवर नऊ-दहा महिन्यांचं पोर. तिनं दुकानाबाहेर चपला काढल्या. बाजारातल्या दुकानात कोणी चपला काढत नाही. ती काढून आत आली, जशी देवळात यावी.

"बाई, याची अजून एक काढून द्याची हाय. सासूले पाठवाची हाय गावाले."

"काय आहे यात?"

"माह्या मालकाची दंडार हाय. ते नाही रायले आता. पावसाळ्यात गेले." मग जरा थांबून, "सासू म्हंते, मले आवाज तरी आयकू दे."

वंदनानं तिला स्टूल दिलं. पोराच्या हातात रिकामी रिळं खेळायला दिली. स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दोन्ही दातऱ्या मोडल्या, भागाबाईच्या डोळ्यांदेखत. "आता कोणी पुसू शकत नाही," असंही म्हणाली. आणि कॅसेट डाव्या फळीवर ठेवली. इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे.

निळी तबकडी त्याच आठवड्यात आली. एका इंजिनिअरांच्या घरची. त्यांची बदली झाली होती आणि जाण्याआधी त्यांना तिच्यावरून एक कॅसेट भरून हवी होती, प्रवासात ऐकायला. वंदनानं ती भरली. भरता भरता ऐकली. आणि मग तिचं कशात लक्ष लागेना. तशी गाणी तिनं आधी ऐकलीच नव्हती. घरात रेडिओ लागायचा तो बातम्यांपुरता. त्या बाईचा आवाज तिला आपल्या घरातल्या सगळ्या न बोललेल्या गोष्टींसारखा वाटला. बावीस वर्षांच्या पोरीला जे वाटायचं ते वाटलं, त्याची जास्त फोड करण्यात अर्थ नाही. इंजिनिअरांचा माणूस चार वाजता तबकडी न्यायला येणार होता. दुकानात एकही कोरी कॅसेट नव्हती; माल आणायला गुलाबराव रायपूरला गेले होते. उजवी फळी रिकामी. डाव्या फळीवर एकच कॅसेट.

तिनं आधी ती लावून पाहिली. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे चाळीस वर्षं स्वतःला समजावताना वंदनाताईंनी हा भाग अनेकदा गाळायचा प्रयत्न केला. लावून पाहिली. थोडी खरखर, माणसांचा गलका, मग माइकवर टकटक आणि अगदी जवळून एक आवाज: "भागे, आयकू येते का वं?" मागे कुणी तरी हसलं. मग ढोलकी सुरू झाली.

कसलं हे खेड्यातलं बोंबलणं, असं तिला वाटलं. दर दिवाळीला होतच असेल. आणतील पुन्हा भरून. माणूस मेलेला आहे हे ती विसरली होती का? नाही. भागाबाईनं सांगितलं होतं आणि तिला ते चांगलं आठवत होतं. तिनं ड्रॉवरमधून चिकटपट्टी काढली, मोडलेल्या दोन्ही दातऱ्यांच्या भोकांवर नीट कापून लावली, नखानं दाबून बसवली. आता बटण दबलं. सुई ठेवली. एक बाजू, मग दुसरी. चारला माणूस आला तेव्हा तबकडी कव्हरात घालून तयार होती आणि वंदनाच्या पर्समध्ये निळी होती.

चार-पाच दिवसांनी भागाबाई आली. तशीच चपला काढून.

"तुमची कॅसेट मशीननं खाल्ली," वंदना म्हणाली. टेबलाखालच्या कचऱ्याच्या खोक्यात कुणाच्या तरी खराब झालेल्या सिनेमागाण्यांच्या टेपचा गुंता पडला होता. तो तिनं उचलून दाखवला. "मी खूप प्रयत्न केला."

भागाबाई गुंत्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुहा काय दोष, बाई. मशीन हाय ते." आणि पदर पसरला. "ते दे मले. त्यात ते हायेत."

वंदनानं तो गुंता तिच्या पदरात टाकला. डोळ्यांत पाणी आलं होतं हे खरं. पण ते पकडले जाऊ या भीतीचं होतं, आणि भागाबाईनं त्याला दयेचं समजून घरी नेलं.

पहिल्याच रविवारी घरी निळी ऐकताना वंदनाला कळलं, की गाणी लहान आणि कॅसेट मोठी. चौथं गाणं संपलं आणि मागून ढोलकी वाजायला लागली. जे पुसलं गेलं नाही तेवढं उरलं होतं. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा धावत जाऊन बटण दाबलं.

उन्नती डबा ठेवून गेली त्या दुपारी वंदनाताईंनी दार लोटलं, निळी लावली, आणि चौथ्या गाण्यानंतर हात मांडीवर ठेवून बसल्या. या बाजूला साडेआठ मिनिटं. उलटवली, त्या बाजूला नऊ. साडेसतरा मिनिटं भागाबाईचा नवरा बळीराम त्यांच्या खोलीत होता. सासुरवाडीला आलेल्या बावळट जावयाचं सोंग होतं. जावई सासूला विचारतो, तुमच्या म्हशीचं नाव काय. आणि सासूचंच नाव घेऊन म्हशीला हाक मारतो. लोक हसून हसून लोळत होते. मध्येच तो गात होता, आणि आवाज, खरं सांगायचं तर, चांगला होता. नुसता चांगला नाही. एवढ्या कॅसेटी ऐकलेल्या त्यांच्या कानाला कळत होतं, की हा सूर दहा हजारांत एखाद्याचा असतो. बोंबलणं म्हणाल्या होत्या त्या याला.

श्यामराव चष्मा पुसत दारात आले. "हे कुठलं? तू तर म्हणायचीस पुढे रिकामी आहे."

श्यामरावांनी टेबलावरचा डबा पाहिला, कुंकू लागलेला गुंता पाहिला, निळीवरची पिवळी पडलेली चिकटपट्टी पाहिली. तीस वर्षं फायली वाचलेला माणूस. त्यांना फार वेळ लागला नाही.

"कुणाची आहे?"

वंदनाताईंनी सांगितलं. उभ्या उभ्या, भराभर, अंगावरची पाल झटकावी तसं.

"मग आता?"

"एवढा भाग काढून देते तिला. आवाज मिळाला म्हणजे झालं ना? गुंत्यातून निघाला म्हणून सांगेन."

"म्हणजे वर पुण्यही मिळवणार तू."

"तुम्ही गप्प बसा हो."

"मी काय बोलतोय? मी साधा क्लार्क," असं म्हणून ते आत गेले, आणि आतल्या खोलीत मुद्दाम मोठ्यानं वर्तमानपत्र उलगडलं.

वंदनाताईंनी ती साडेसतरा मिनिटं कंप्यूटरवर घेतली. गाण्याचा शेवटचा सूर जिथे ढोलकीत मिसळत होता तिथे इतकं सफाईनं कापलं, की कुणाच्या बापाला कळू नये. त्यात त्या वाकबगार. पेनड्राइव्ह उन्नतीच्या हातात ठेवून म्हणाल्या, "एवढंच निघालं गं." मुलगी रडली. या वेळी नमस्कार करताना तिला त्यांनी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोन. "आंटी, आजीनं बोलावलं आहे. आना ही पड़ेगा."

वैशाली नगरातलं घर लहान, पुढे सिमेंटचा ओटा. त्यावर शेजारच्या पाच-सहा बाया बसलेल्या. भागाबाई दारात उभी होती. वंदनाताईंना वाटलं होतं, म्हातारी असेल. मग लक्षात आलं, की ही तर आपल्याच वयाची आहे, तेव्हाही होती. तीस वर्षं कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटून तिचे खांदे पुढे आले होते, एवढंच. तेव्हा तिनं वंदनाला बाई म्हटलं आणि वंदनानं ते घेतलं. दोघी बावीस वर्षांच्या पोरी, एक स्टुलावर, एक खुर्चीवर.

"तूच ना वं ते? स्टूल देल्लं होतं मले."

"हो," वंदनाताई म्हणाल्या. दोघी-तिघींची गोष्ट इथे चालली नाही.

"मी सांगत होती ना, पोट्टी चांगली होती म्हनून! पाय, म्हातारी झाली तरी इसरली नाही." भागाबाईनं त्यांना पाटावर नाही, खुर्चीवर बसवलं. वडे तळले होते. चहा आला. शेजारणी एकेक करून हात जोडून गेल्या. एकीनं विचारलं, माझ्या भावाची पण एक कॅसेट आहे, बघाल का? वंदनाताई वडा खात राहिल्या.

बाया गेल्यावर भागाबाई जवळ येऊन बसली.

"जावयाचं सोंग आयकलं. तीनदा आयकलं. पोरगा बी रडला. त्यानं बापाचा आवाज पैल्यांदा आयकला." मग तिनं आवाज उतरवला, जसं काही चोरून मागते आहे. "पन बाई, मले सुरुवातीचं पायजे. सगळ्यात पैले तो मले हाक मारते. रिकाट चालू हाय का नाही ते पायाले. मी बायांत बसली होती, लाजून मेली. आमचं लगन होऊन वरीसच झालं होतं. घरात सासू-सासरे, कधी नावानं बोलला नाही. तितकीच एक हाक हाय." तिनं वंदनाताईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. "जावई निघाला, तं ते बी निघन ना दोऱ्यातून? तुले जमते. अजून पाय ना जरा."

त्या गुंत्यात जुनी सिनेमाची गाणी होती, बस. पण आता भागाबाईला त्यातून साडेसतरा मिनिटं निघाल्याचं माहीत होतं. म्हणजे बाकीचंही निघणार. वंदनाताईंनीच ते सिद्ध करून दिलं होतं. आणखी वर्षभर, दोन वर्षं ती वाट बघेल. दर पितरांना त्या गुंत्याला कुंकू लावून विचारेल.

"बघते," वंदनाताई म्हणाल्या आणि उठल्या.

घरी आल्यावर श्यामरावांनी विचारलं, "काय म्हणाली?" तर म्हणाल्या, "वडे छान होते." मग टेपरेकॉर्डरची वायर गुंडाळत म्हणाल्या, "उद्या सकाळी मला ऑटो बोलावून द्या. टेपरेकॉर्डर न्यायचाय."

"मी येऊ का?"

"नको. तुम्ही आलात की मी तुमच्याकडे बघून बोलेन."

सकाळी दहाला त्या वैशाली नगरच्या ओट्यावर होत्या. रविवार होता, उन्नती घरीच होती. पायातल्या चपला त्यांनी बाहेर काढल्या. टेपरेकॉर्डर जमिनीवर ठेवला, निळी पर्समधून काढून त्याच्या शेजारी ठेवली, आणि खुर्ची सोडून खाली बसल्या.

"मशीननं काही खाल्लं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुझी कॅसेट ही आहे. मी हिच्यावर माझी गाणी भरली. चुकून नाही. ही बघ, भोकांवर पट्टी लावली आहे, ती मी लावली. जावयाचं सोंग पुसायचं राहिलं, ते मी परवा दिलं. सुरुवातीचं गेलं. ते कशातूनच निघणार नाही."

भागाबाईला आधी कळलंच नाही. उन्नतीला कळलं. "मतलब?" ती म्हणाली. "आणि हे काय आहे? हा दोरा?"

"कचऱ्यातला. सिनेमाची गाणी आहेत त्यात."

"चाळीस वर्सं," भागाबाई हळूच म्हणाली. "चाळीस वर्सं मी त्याले पान वाढलं."

"आंटी, शर्म नहीं आई आपको?" उन्नतीचा आवाज फाटला. "पेपर में फोटो खिंचवाते हुए? हीच हातात धरली होती तुम्ही!"

"आली. दर रविवारी आली."

"तो बोली क्यूँ नहीं?"

आत कुकरची शिट्टी झाली. कुणी उठलं नाही.

भागाबाई कॅसेटकडे बघत होती. तिनं विचारलं, "पुसाच्या आधी तू आयकलं होतं?"

वंदनाताईंना वाटलं होतं, आता ती शिव्या देईल. त्याची तयारी करून आल्या होत्या. याची नव्हती.

"हो."

"हाक आयकली?"

"ऐकली."

"कशी म्हने तो?"

त्रेसष्ट वर्षांची, कॉलेज शिकलेली, चारचौघांत टणाटणा बोलणारी बाई, आणि तिला पाच शब्द म्हणता येईनात. शेवटी वंदनाताई एकदाच्या म्हणाल्या, "भागे, आयकू येते का वं?"

"इतक्या जोऱ्यानं नाही," भागाबाई म्हणाली. "हळू म्हने तो. म्हन."

त्यांनी पुन्हा म्हटलं. हळू. भागाबाईनं मान हलवली. बरोबर की चूक, ते कळलं नाही. जगात त्या हाकेचे साक्षीदार दोघीच उरल्या होत्या, आणि त्यांतली एक ही.

"कॅसेट माही हाय," भागाबाई मग म्हणाली.

"तुझीच आहे."

"इथंच राहीन."

"हो."

"लाव."

उन्नतीनं डोळे पुसत कॅसेट घातली आणि पुढे पळवायच्या बटणावर बोट ठेवलं. "आजी, आधी गाणी आहेत यांची. फॉरवर्ड करते."

"पळवू नोको!" भागाबाईनं तिचा हात धरला. "मशीन खाऊन टाकीन."

ही भीती वंदनाताईंनीच शिकवलेली होती.

मग निळी लागली. पहिलं गाणं सुरू झालं, नेहमीसारखं, बासरीनं. वंदनाताईंनी उठायचं म्हणून हात टेकला, तर भागाबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "बस. जाऊ नोको." चहा कुणी विचारला नाही. तिघी जमिनीवर. गायिका गात होती, तीच, जिच्यासाठी वंदनाताईंनी चाळीस वर्षं रविवार राखून ठेवले, आणि प्रत्येक ओळीखाली आता काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. इथे हाक होती. इथे गण असेल. इथे गौळण. दुसऱ्या गाण्यातली ती जागा आली, जिथे त्यांचे डोळे हमखास भरायचे. आज त्या जमिनीकडे बघत बसल्या आणि कधी एकदा संपतं असं त्यांना झालं. आपल्या लाडक्या गाण्याबद्दल असं वाटेल, हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

"चांगली गाते बाई," तिसऱ्या गाण्यानंतर भागाबाई म्हणाली. त्यात टोमणा होता की नव्हता, वंदनाताईंना आजतागायत कळलेलं नाही.

चौथं गाणं शेवटच्या ओळीला आलं. वंदनाताईंचा उजवा हात आपोआप उठला आणि बटणाकडे निघाला. अर्ध्या वाटेवर त्यांनी तो डाव्या हातानं धरला, मांडीवर आणून दाबून ठेवला.

ढोलकी वाजली. लोक हसले. बळीराम सासूच्या नावानं म्हशीला हाका मारू लागला. साडेआठ मिनिटं भागाबाईनं डोळे मिटले नाहीत, मशीनकडेही पाहिलं नाही. ती पूर्ण वेळ वंदनाताईंकडे बघत होती, आणि वंदनाताईंना ते सोसावं लागलं.

खट्. बाजू संपली.

"पलटव," भागाबाई उन्नतीला म्हणाली.

त्या बाजूलाही आधी चार गाणी होती. वंदनाताईंनी पाय मोडून नीट मांडी घातली आणि बसल्या.